आखडलेल्या अनामिकेची हकीकत

उजव्या हाताची अनामिका तळव्याकडं वाकायला लागली तेव्हा दुखत काहीच नव्हतं. या आजारात तीच मोठी अडचण आहे. दुखलं की माणूस दवाखान्याची वाट धरतो. न दुखता बोट रोज एक केसभर आत येत गेलं, तर ‘बघू सावकाश’ म्हणण्यात वर्षं निघून जातात.

माझ्या लक्षात आलं ते भाकरीमुळं. शाळूची भाकरी थापायला पंजा सपाट लागतो. बोटं सैल पसरून, तळवा पिठावर टेकवत भाकरी फिरवत न्यायची असते. माझ्या अनामिकेचं टोक पिठात रुतायला लागलं आणि बोटांच्या मुळाशी असलेला तळवा वर उचललेलाच राहायला लागला. भाकरीला एका बाजूनं भोकं पडायची, दुसरी बाजू जाड राहायची. तोंड धुताना तेच बोट डोळ्यात जायचं. बरणीत हात घालताना ते काठाला अडायचं. तळव्यावर अनामिकेच्या रेषेत एक कडक गाठ आली होती, तिच्या शेजारी कातडीला खळगा पडला होता, आणि गाठीपासून बोटाच्या मुळापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखं काहीतरी हाताला लागायचं.

सल्ले देणाऱ्यांची आमच्या सांगलीत कमी नाही. ‘शीर आखडलीय’ हे सगळ्यांचं एकमतानं निदान. लसूण घालून कडवलेलं तेल चोळा, गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेका, रात्री बोटाला पट्टी बांधून ताणून झोपा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “तुमच्या शुगरमुळं असणार.” त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे पुढं कळलं. मधुमेह मला बरीच वर्षं आहे.

पण मनात शंका वेगळीच होती, आणि ती मी घरात कुणाला बोलून दाखवली नव्हती. आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, करंगळी आणि अनामिका अशीच आत वळलेली होती. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. हात बघून लोक काय समजायचे ते उघड होतं. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण पंगतीत अण्णांच्या शेजारचं पान मोकळं राहायचं. सत्यनारायणाचा प्रसाद त्यांच्या हातून घ्यायला लोक कचरायचे. अण्णांनी वाढायला पुढं होणंच सोडून दिलं. महारोग हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नाही, आणि म्हणूनच तो कायम घरात होता. त्यांना कुणी नीट तपासलं नाही, कारण तपासून घ्यायला जाणं म्हणजे लोकांच्या संशयावर शिक्काच मारून घेणं, असं त्यांना वाटायचं. माझं बोट वाकायला लागल्यावर मला आधी ते मोकळं पान आठवलं.

मिरज आम्हाला जवळ. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून आणि कोकणातूनही पेशंट मिरजेला येत आले आहेत. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर हातात एक्स-रेची पाकिटं घेतलेली माणसं दिसली नाहीत असा दिवस नसतो. हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरांची तिथली वेळ मिळाली आणि मी आणि हे दोघं गेलो.

डॉक्टरांनी बोटाला हात लावायच्या आधी माझ्या डोळ्यांवर रुमाल ठेवायला सांगितला. करंगळीवर, अनामिकेवर, तळव्याच्या कडेला पेनचं टोक हलकेच टेकवत, “काकू, कुठं लागलं ते बोट दाखवून सांगा,” असं म्हणत गेले. मला सगळीकडं नीट कळत होतं. मग त्यांनी माझा कोपर वाकवून आतल्या बाजूच्या हाडाच्या खोबणीत बोटानं चाचपलं. तिथून हाताची एक मोठी नस जाते, आपटलं की झिणझिण्या येतात ती. कुष्ठरोगात तीच नस जाड होते, करंगळी आणि अनामिकेकडची जाणीव जाते आणि त्या बोटांचा पंजा वळतो. माझी नस जाड नव्हती, जाणीव शाबूत होती आणि तळव्यात दोरी होती. “तो आजार नाही,” ते म्हणाले, “आणि असता तरी आता त्यावर फुकट आणि पूर्ण उपचार आहे.” मी त्यांना अण्णांबद्दल सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, की हात न बघता ठाम सांगता येत नाही, पण तळव्यात अशीच गाठ आणि दोरी असली तर त्यांनाही हेच असण्याची शक्यता बरीच, कारण हा आजार घराण्यात चालतो. मला तिथंच रडू आलं. गेलेल्या माणसासाठी आता काही करता येत नाही, तरी ते ऐकायला मिळालं याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

पुढची तपासणी सोपी होती. नमस्कार करायला लावला. दोन्ही तळवे जुळतात का ते बघितलं, कारण मधुमेहात सगळ्याच बोटांचे सांधे ताठरण्याचा एक वेगळा प्रकार असतो. बोट वाकवून अडकतंय का, ‘कट्’ करून सुटतंय का, हेही पाहिलं. तसं असेल तर तो ट्रिगर फिंगर, त्याचा उपचार निराळा. बोटांच्या पेरांवर मागून गाठी आहेत का, तळपायाला गाठ आहे का, हेही विचारलं. शेवटी हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला आणि तळव्याखालून पेन सरकवलं. पेन आरपार गेलं. निरोगी हात टेबलाला सपाट टेकतो. कोन मोजायच्या पट्टीवर बोटाच्या मुळाचा सांधा ४० अंशांत वाकलेला निघाला, मधला सांधा १५ अंशांत.

या आजाराला ड्युपुट्रेनचं कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. गियोम ड्युपुट्रेन या फ्रेंच सर्जननं १८३१ मध्ये पॅरिसमध्ये त्यावर व्याख्यान दिलं, त्याचं नाव पडलं. उत्तर युरोपातल्या लोकांत तो जास्त, आपल्याकडं कमी, म्हणून तो पटकन कुणाला सुचत नाही. मार्गारेट थॅचर यांनाही हाच आजार होता, त्यांच्या हातावर १९८६ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती.

डॉक्टरांनी कागदावर तळवा काढून समजावलं. तळव्याच्या कातडीखाली एक पांढरा, चिवट पडदा असतो. कातडी तो खालून धरून ठेवतो, म्हणून कळशी उचलताना तळव्याची कातडी हाताच्या पाठीसारखी सरकत नाही. या पडद्यातल्या पेशी काही लोकांत जखम भरायच्या वेळी वागतात तशा वागायला लागतात, आणि तिथं जखम तर काहीच नसते. त्या कोलॅजन, म्हणजे चिवट तंतू, बनवत राहतात आणि आवळत राहतात. आधी गाठ, मग दोरी, मग दोरीमागं बोट. बोट वाकवणारे स्नायुबंध खाली सुखरूप असतात, म्हणून मूठ वळते, पंजा मात्र उघडत नाही. वय, घराणं, मधुमेह, दारू, तंबाखू यांचा त्याच्याशी संबंध आहे. तेलानं, शेकानं दोरी विरघळत नाही.

हे मी एवढं सविस्तर लिहिते आहे, कारण पुढचा सगळा निर्णय याच एका गोष्टीवर अवलंबून होता. या आजारात काही झिजलेलं नसतं. जे वाढायला नको ते वाढलेलं असतं.

आमचा मुलगा पुण्यात असतो. त्यानं काळजीपोटी शोधाशोध केली आणि एका सेंटरची जाहिरात पाठवली. ‘बिनशस्त्रक्रिया, पुनर्निर्माण उपचार’. तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या करून हातात टोचायच्या, त्यासोबत स्टेम सेल. फोनवरची मुलगी फार गोड बोलायची. पॅकेज लाखाच्या घरातलं. मी तिला विचारलं, की असं बोट वाकलेल्या किती लोकांवर हे केलं आणि दोन वर्षांनी त्यांची बोटं कशी आहेत? ती म्हणाली, “मॅम, रिझल्ट प्रत्येकाच्या बॉडीवर असतो.” आणि महिनाअखेरपर्यंत सवलत आहे, हेही म्हणाली. माणूस हात घेऊन दारात उभा आहे आणि त्याला सवलतीची तारीख सांगायची, याचा मला मनापासून संताप आला. शस्त्रक्रियेला घाबरलेला माणूस ‘चिरफाड नाही’ एवढे दोन शब्द ऐकून पैसे भरतो. ही भीती विकायची गोष्ट नव्हे.

मी तो सगळा मजकूर मिरजेच्या डॉक्टरांना दाखवला. ते चिडले नाहीत, त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. प्लेटलेट्समधून वाढीला चालना देणारी द्रव्यं बाहेर पडतात. त्यातलं एक टीजीएफ-बीटा. तळव्यातल्या या पेशींना आवळायला लावण्यात त्याच द्रव्याचा मोठा हात असतो. म्हणजे जिथं दुरुस्ती जास्त झाल्यामुळं दुखणं आहे, तिथं दुरुस्ती करणारंच आणखी टोचायचं. त्यानं फायदा होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. स्टेम सेलबद्दल आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल फक्त मान्यता घेतलेल्या संशोधनात वापरायचे, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. पॅकेज लावून विकायची ती वस्तूच नाही.

याच विषयातलं प्रामाणिक कामही त्यांनी सांगितलं, ते मला आवडलं. सुईनं दोरी तोडून त्या जागी पेशंटच्याच पोटाची चरबी भरायची, असा प्रयोग काही सर्जन करतात. चरबीतल्या पेशी या आवळणाऱ्या पेशींना आवर घालतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शस्त्रक्रियेपेक्षा हात लवकर कामाला लागतो, असंही अभ्यासात आढळलं. पण आजार परत येणं त्यानं थांबतं, असं म्हणता येत नाही. आणखी एक इंजेक्शन होतं, कोलॅजन विरघळवणाऱ्या एन्झाइमचं. अमेरिकेत २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली, युरोपच्या बाजारातून कंपनीनं ते २०२० मध्ये काढून घेतलं. आमच्यापुरता तो विषय तिथंच संपला.

उरले दोन मार्ग. तळवा उघडून रोगट पडदा काढायचा, किंवा सुईनं दोरी जागोजागी तोडायची. शस्त्रक्रियेनंतर हात पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी महिने. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं उठवणं-बसवणं माझ्याकडं. सुईनंतर हात लवकर मोकळा होतो. पण डॉक्टरांनी आकडा लपवला नाही. नेदरलँड्समधल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या आत सुईवाल्यांपैकी शंभरात ८५ जणांचा आजार परतला होता, शस्त्रक्रियावाल्यांत २१ जणांचा. “परत आलं तर परत सुई करता येते, तेव्हा शस्त्रक्रियाही करता येते. मुळाचा सांधा सुईनं छान उघडतो, मधला हट्टी असतो,” असं ते म्हणाले. हा आकडा ऐकूनच मी सुई निवडली. विचित्र वाटेल, पण जो माणूस नुकसान आधी सांगतो त्याच्या हातात हात द्यायला मला भीती वाटली नाही.

साखर आटोक्यात आणायला थोडा वेळ गेला. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, साडेसाताच्या खाली आल्यावर तारीख मिळाली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हेही त्यांनी आधी विचारून घेतलं.

भूल फक्त कातडीपुरती देतात, आणि त्यामागं कारण आहे. बोटाच्या दोन्ही बाजूंनी नसा जातात आणि दोरी कधीकधी त्यांना पिळा घालून बसलेली असते. खोलवर भूल दिली तर सुई नसेजवळ गेल्याचं पेशंटला कळणार नाही. म्हणून पेशंटनं जागं राहून सांगायचं असतं. “करंट बसल्यासारखं झालं तर लगेच ‘थांबा’ म्हणा.” बीटाडीननं हात कोपरापर्यंत रंगवला, हिरवं कापड टाकलं, आणि तळव्याच्या मधोमध बारीक इंजेक्शन. ते मात्र झोंबलं. तळव्याची कातडी फार तिखट.

मग सुई. चाकू नाही, नेहमीच्या इंजेक्शनचीच सुई. ती दोरीत आडवी घालून तिच्या धारेनं दोरी खरवडत तोडायची. सुई आत असताना ते म्हणायचे, “बोटाचं टोक हलवा.” टोक हलवताना सुई डोलली तर ती स्नायुबंधात गेली असं समजायचं. माझी सुई स्थिर राहिली की ते पुढं जायचे. दुखत नव्हतं, पण आतून करकर असा आवाज हाडातून वर येत होता, वाळू खरडल्यासारखा. मी मान वळवून भिंतीकडं बघत होते. एकदा बोटाच्या कडेनं चटका वर गेला, मी “थांबा” म्हटलं, त्यांनी तत्क्षणी सुई काढली आणि दुसऱ्या जागेनं घातली. तळव्यापासून बोटाच्या मुळापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर असं करत गेले.

“आता बघा.” त्यांनी माझं मनगट धरलं, अनामिका मुठीत घेतली आणि हळूच, न थांबता मागं ओढली. आत काहीतरी तुटलं, मला आणि नर्सबाईंना दोघींना ऐकू आलं. बोट आलं वर. मुळाचा सांधा सपाट. मधला थोडा वाकलेलाच राहिला, पट्टीवर १० अंश. टाका नाही, फक्त ठिपके. मुळाच्या घडीत कातडी किंचित फाटली होती. इतके दिवस आखडलेली कातडी ताणली की असं होऊ शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तिथं मलमपट्टी करून सोडलं. साखरेमुळं ती भेग भरायला आठवड्याहून जरा जास्त लागलं, पण पू झाला नाही.

हात पहिले दोन दिवस उशीवर उंच ठेवायचा, आणि बोटं मात्र त्याच संध्याकाळपासून उघडायची-मिटायची. सूज आणि काळानिळा डाग येतो, त्याला घाबरायचं नाही. फिजिओथेरपीच्या ताईंनी रात्री घालायची पट्टी बनवून दिली. प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा गरम पाण्यात टाकला की तो मऊ पडतो, तो माझ्या हातावरच दाबून बसवला, गार झाल्यावर तसाच कडक झाला, वर वेल्क्रो. अशी पट्टी सरसकट सगळ्यांना उपयोगी पडतेच, असं अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही, पण मधला सांधा हट्टी म्हणून मला काही महिने दिली, हेही ताईंनी नीट सांगितलं. जोर लावून बोट मागं ओढायचं नाही, यावर त्या कडक होत्या. वाकवणं-उघडणं आपल्या ताकदीनं करायचं. जड उचलणं काही दिवस बंद, म्हणून सासूबाईंना उठवायला सूनबाई रजा काढून आली. तिचं हे ऋण मी मानते.

भाकरी मी भेग पूर्ण भरल्यावरच थापली. तळवा टेकला, पीठ फिरलं.

आता वर्ष उलटून गेलंय. अनामिका सरळ आहे, पण मधल्या बोटाच्या मुळाशी हाताला एक नवी गाठ लागते. डॉक्टरांनी ती बघितली आणि काही करू नका म्हणाले. गाठ आहे म्हणून सुई घालायची नसते, बोट वाकायला लागलं तरच विचार करायचा. मुळाचा सांधा साधारण ३० अंशांपर्यंत आला की, किंवा मधला सांधा जरासुद्धा वाकायला लागला की, वेळ घालवायचा नाही, कारण मधला सांधा एकदा आखडून बसला की कुठल्याच उपचारानं पुरता सुटत नाही. दर महिन्याला मी हात जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवून बघते.

धाकट्या भावाला मी सगळं फोनवर सांगितलं. त्याच्याही तळव्यात गाठ आहे, आणि ती तो कितीतरी दिवस खिशात हात घालून लपवत होता. अण्णांचं मोकळं पान त्यानंही पाहिलेलं होतं. आधी तो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेला आणि स्वतःहून म्हणाला, मला कुष्ठरोग आहे का ते तपासा. तिथल्या डॉक्टरांनी चट्टे पाहिले, कोपराची नस चाचपली, जाणीव तपासली आणि नाही म्हणून सांगितलं. मग मिरजेला. त्याचा हात टेबलाला सपाट टेकतो, तेव्हा तूर्त उपचार काहीच नाहीत. तंबाखू मात्र सोडायला सांगितलीय, आणि सहा महिन्यांनी पुन्हा हात दाखवायला बोलावलंय.